स्टेलाबाईंनी पणाला लावलेली ढाल

घोडेगावच्या गुरांच्या बाजारापासून हाकेच्या अंतरावर आमची शाळा. स्टेलाबाई तिथं इतिहास शिकवतात, मी गणित. बाजाराच्या दिवशी निम्मा वर्ग म्हशींमागे पळतो आणि बाई स्वतः बाजारात जाऊन पोरांना दंडाला धरून आणतात. अशा बाईंशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

यंदा दहावीतली राजनंदिनी वक्तृत्वात शाळेत पहिली आली. विषय ‘माझा आदर्श नेता’, आणि पोरीनं निवडला हिटलर! शिस्त, पोलादी मन, वगैरे वगैरे. टाळ्यांनी पत्रे हादरले. मुख्याध्यापक काकासाहेब तर हुरळूनच गेले, कारण तालुक्याची ढाल कैक वर्षं आमच्याकडे फिरकली नव्हती.

“हे भाषण तालुक्याला जाता कामा नये,” स्टेलाबाई म्हणाल्या.

“बाई, स्पर्धा परवावर आली. हातची ढाल घालवता काय?”

“गेली तर जाऊ दे. पण मी जबरदस्ती करणार नाही. मला एक तास शिकवू द्या, मग तिचं ती ठरवील.”

राजनंदिनी तोंड फुगवून बसली. मी मुद्दाम खिडकीपाशी थांबलो. बाईंनी तिला विचारलं, “तुमच्या गाईच्या कानात काय असतं?”

“बिल्ला. पिवळा. नंबर असतोय त्याच्यावर.”

“ज्यू माणसांना कपड्यावर पिवळा तारा शिवायला लावला. मालगाडीच्या डब्यांत कोंबून छावण्यांत नेलं. एका छावणीत तर हातावर नंबर गोंदले. साठ लाख माणसं मारली, राजनंदिनी. तुझ्याएवढ्या पोरी, तान्ही बाळंसुद्धा.”

“पर त्यांनी कायतरी केलं असंलच की, बाई.”

“काही केलं नव्हतं. आपल्या कोकणातही ज्यू राहिले. घाण्यावर तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद. लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे आणि शेजारी सुखानं नांदायचे. तिकडं मात्र शेकडो वर्षं खोटं शिकवलं, की सगळ्या वाईटाचं मूळ हीच माणसं. आमच्या चर्चमधूनसुद्धा शिकवलं. हिटलरनं ते शाळेत आणलं. फळ्यापुढं उभं राहून शिकवणाऱ्या माझ्यासारख्याच बाया होत्या.”

तास संपला तशा बाई पुस्तक उचलून निघाल्या; ठरवायचं आता राजनंदिनीनं.

तालुक्याला निवेदकानं जुन्याच नोंदीवरून पुकारलं, “आदर्श नेता, हिटलर!” टाळ्या पडल्या. राजनंदिनी माइकपुढं आली.

“अशाच टाळ्या मी शाळेत घेतल्या होत्या. आज परत करायला आलेय.”

मग ती बोलत गेली. तारा, डबे, नंबर, शनवार तेली. हातात कागद नाही, शब्द कुठं अडखळला नाही. काकासाहेबांनी डोळ्याला रुमाल लावला. ढाल गेली म्हणून, की आणखी कशानं, मला कळेना.

ढाल आमचीच! मी तर खुर्चीवर चढून ओरडलो. अशी भाषणं बहुतेक मास्तरच लिहून देतात, हे परीक्षकांनाही ठाऊक असतं. ढाल देताना ते हसून म्हणाले, “कुणी लिहून दिलं गं?”

“लिहून कुणीच न्हाई दिलं, सर,” राजनंदिनी म्हणाली. “बाईंनी शिकवलं.”