अर्धा इंच आणि सोनवणे बाई

सोनवणे बाईंनी माझं सहावीचं अख्खं वर्ष चिंध्यांत घालवलं.

हे वाक्य माझं नाही, माझ्या पप्पांचं.

बाई काल दुपारी गेल्या. आज सकाळी बदलापूरला त्यांना शेवटचं बघून आले. रडायचं तेवढं रडून झालंय. आता हसायचं सांगते, कारण बाई आठवल्या की मला आधी हसूच येतं.

अंबरनाथची आमची साधी मराठी शाळा. सहावीच्या पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या, "या वर्षी आधी हात, मग पुस्तक."

आम्हाला वाटलं, आता मार मिळणार.

पण नाही. अपूर्णांक आम्ही भाकरी मोडून शिकलो आणि शिकून झाल्यावर खाऊन टाकले. शिवमंदिराजवळच्या झाडाची उंची त्याच्या सावलीवरून काढली. वांगणीला एका शेतात गुडघाभर चिखलात भात लावला. त्या दिवशी कपडे बघून वर्गातल्या समस्त आयांनी बाईंचा उद्धार केला.

मग बाईंनी मोठं काम काढलं.

शाळेच्या मैदानात सावली नव्हती. गॅदरिंगला पालक दरवर्षी उन्हात भाजून निघायचे.

"आपण छत शिवायचं," बाई म्हणाल्या. "कापड विकत आणायचं नाही."

उरलेली कात्रणं मागायला उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात गेलो. तिथले सिंधी शेठ एकदम दिलदार. "ले जाओ बेटा, पूरा बोरा ले जाओ. पर स्कूल में जीन्स का कौनसा सब्जेक्ट है?"

"गणित," आम्ही एका सुरात म्हणालो.



बाईंनी स्वतःचं शिलाई मशीन रिक्षात घालून वर्गात आणलं. क्षेत्रफळ, काटकोन, परिमिती, सगळं त्या निळ्या कापडावर. एक फूट बाय एक फूट चौकोन कापायचे आणि जोडत जायचं, प्रत्येकाने एक ओळ. मुलंसुद्धा शिवायची. सुया मोडायच्या. मी तर मशीनवरून उठायलाच तयार नसायचे.

घरी वेगळंच शिजत होतं.

पप्पा आनंदनगरला एमआयडीसीत लेथ मशीनवर. एका संध्याकाळी माझ्या फ्रॉकला चिकटलेले निळे धागे बघून भडकले.

"मी पोरीला शाळेत टेलर बनवायला पाठवतो काय? गॅदरिंगला येतो, बघतो काय शिकलीस ते. नाय पटलं तर दाखला काढून सरळ इंग्लिश मीडियम!"

इंग्लिशची भीती नव्हती हो. बाई सुटणार, याची होती.

छत पूर्ण झालं. गॅदरिंगच्या सकाळी आम्ही ते मिरवणुकीसारखं मैदानात नेलं. खांब आधीच रोवलेले होते.

आणि छत खांबांना पोचेना!

इकडे ओढलं की तिकडे कमी. तिकडे ओढलं की इकडे. कोणी म्हणालं, खांब सरकले. कोणी म्हणालं, कापड आटलं. शेवटी सुतळ्या लावून कसंबसं ताणलं, पण खुर्च्यांची शेवटची रांग उन्हात राहिली.

पप्पा उशिरा आले आणि नेमके त्याच रांगेत बसले. रुमाल डोक्यावर.

मी रडकुंडीला आले. "बाई, हिशोब तर बरोबर होता ना?"

"बरोबर होता. शिवलेला एक जोड उलटून बघ."

बघितलं. प्रत्येक चौकोनाची प्रत्येक कड अर्धा इंच आत गेलेली. शिलाईत. म्हणजे एका चौकोनामागे एक इंच गायब. आणि एका ओळीत चौकोन वीस!

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू मान डोलावली असतीस. आता जन्मात विसरशील का?" मग त्यांनी मला हलकंच ढकललं. "जा. उन्हात बसलेल्यांना सांगून ये, ते उन्हात का बसलेत."

उन्हात बसलेल्यांत पप्पा होते. बाईंना ते पक्कं ठाऊक होतं.

मी गेले. कापडाचा जोड हातात धरून सगळं सांगितलं. अर्धा इंच, दोन बाजू, वीस चौकोन, वीस इंच.

पप्पांनी रुमाल काढला. जोड उलटसुलट करून बघितला.

"अलाउन्स सोडला नाय तुम्ही," ते म्हणाले. "आमच्याकडे नवीन पोरगा आला की पहिला जॉब असाच बाद करतो. कटिंगला किती जाणार ते धरतच नाय."

आणि हसायला लागले. शेजारच्या काकांना बोलावून स्वतःच समजावून सांगायला लागले, जसं काही छत त्यांनीच शिवलं होतं.

दाखल्याचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. सातवीलाही मी बाईंकडेच होते.

पुढे दरवर्षी सहावीने त्या छताला एकेक ओळ जोडली. शिलाईचं माप धरून! बाई रिटायर झाल्या तेव्हा शाळेने ते त्यांनाच देऊन टाकलं.

आज बाईंच्या बिल्डिंगच्या आवारात तेच छत बांधलं होतं. निळ्याच्या किती छटा! त्रिशरण-पंचशील झालं आणि मी वर बघत माझी ओळ शोधत बसले. सापडली. वाकडी आहे.

छत आजही कमी पडलं. आज हिशोब चुकला नव्हता. माणसंच मावत नव्हती.

आणि मागे बघते तर पप्पा. आता केस पांढरे, गुडघे दुखतात. शेवटच्या रांगेत, भर उन्हात, डोक्यावर रुमाल.

मी उठून गेले. "पप्पा, पुढे सावलीत जागा आहे. चला."

"राहू दे गं," ते म्हणाले. "बाईंच्या वर्गात माझी जागा हीच."

मग मीही त्यांच्या शेजारी उन्हातच बसले.

या आता बाई. शेवटचा जय भीम.