उपड्या तांब्यावरचा गिलास

कोर्टानं पोर तिच्या आईला दिली आणि मला रविवार दिला. दोघांची घरं नांदेडातच, त्यामुळे निभत होतं. दहावीला पोरीनं चांगले मार्क काढले आणि तिची आई क्लाससाठी तिला घेऊन सरळ लातूरला राहायला गेली. मला कळवलं ते सामान गेल्यावर. रविवारी पोर येईना. फोन केला की एकच उत्तर, "रविवारी क्लासचा पेपर असतो." रविवारी कुठं पेपर असतो का? मला ती शुद्ध थाप वाटली.

माझं डोकं मुळातच गरम. पोरीचा ताबा मला द्या, असा अर्जच ठोकला. वकील म्हणाला, "कारण वजनदार पाहिजे."

"लिहा," मी म्हणालो, "लातुरात भूकंप होतो. पोरगी लहानपणापासून घाबरते. जिवाला धोका हाय."

त्र्याण्णवच्या त्या भूकंपात नांदेडही हललं होतं, पण रागात भूगोल कोण बघतो!

पुरावा गोळा करायला एका रविवारी न कळवता लातूर गाठलं. पोर खोलीवर नव्हती. खरोखरच पेपरला गेली होती. तिच्या आईनं पाणी दिलं. "बसा. येईलच इतक्यात," एवढंच बोलली. पोरीच्या उशाशी उपडा तांब्या होता आणि त्यावर उपडा गिलास. भूकंपाच्या वर्षी आम्ही असंच ठेवायचो. जमीन हलली की गिलास पडावा आणि जाग यावी. तेव्हा पोर चार वर्षांची होती. तिच्या उशाशी रोज मीच रचायचो. खरं तर मला वाईट वाटायला हवं होतं, पण मी खूश झालो. घाबरते म्हणजे! आयता पुरावा.

तेवढ्यात पोर आली, दमलेली, बोटांना शाई. "बाबा, तुम्ही कधी आलात?" म्हणत बिलगलीच. मी गिलासाकडं बोट केलं. "अजून भ्या वाटतं का गं?"

ती हसली. "न्हाई ओ बाबा. तुम्ही ठेवायचा ना, म्हणून ठेवते. त्याबिगर झोपच लागत न्हाई. अन् बुधवारी येत जा की, दुपारून क्लास नसतो."

मला त्या अर्जाची इतकी लाज वाटली की तिच्याकडं बघवेना.

दुसऱ्या दिवशी वकिलानं विचारलं, "मिळाला का पुरावा?"

"मिळाला," मी म्हणालो. "अर्ज मागं घ्या. अन् माझा रविवार बदलून बुधवार मागा. रविवारी पोरीचा पेपर असतो."