हॉटेलच्या नकाशातली निळी वाट

दुबईपासून लांब, डोंगराजवळच्या आमच्या हॉटेलचे मॅनेजर ट्रेनिंगसाठी जर्मनीला गेले होते. परत आले ते धावायच्या वाटांचं वेड घेऊन. ते स्वतः लिफ्ट बंद असली तर पहिल्या मजल्यावरही फोन करून काम भागवणारे, पण तिथल्या एका जुन्या छोट्या गावाने त्यांना पुरतं भारून टाकलं होतं. सकाळच्या मीटिंगमध्ये त्यांनी आम्हाला मोबाइलवर फोटो दाखवले. दगडी तटबंदी, लाल कौलं, वेशीचा कमानी दरवाजा. दरवाजातून बाहेर पडलं की थेट गव्हाची शेतं. शेतांमधून जाणाऱ्या पायवाटेवर लाकडी खांब आणि त्यांवर रंगीत बाण. हिरवा बाण जवळची वाट, निळा मधली, लाल लांबची. पिकल्या केसांचे म्हातारे-म्हाताऱ्या त्या वाटांवरून धावताना दिसत होते.

"आपल्याकडे काय कमी आहे?" मॅनेजर म्हणाले. ते लेबनॉनचे, आवाज मोठा, मन वाईट नाही. "जुनं गाव आहे, किल्ला आहे, खजुराच्या बागा आहेत, डोंगर आहे. आपले निम्मे गेस्ट जर्मन. यल्ला, चला, आपणही तीन वाटा काढू."

मग सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या, कारण स्टाफमध्ये धावणारी मी एकटीच होते. डॉक्टरने शुगर काठावर आहे असं सांगितल्यापासून मी रोज सकाळी धावायला लागले होते. मी गेस्ट रिलेशन्सला. आठवडाभर हॉटेलच्या स्टाफ क्वार्टर्समध्ये राहायचे आणि सुट्टी मिळाली की दुबईला, अल कुसैसच्या घरी, नवरा आणि मुलीकडे जायचे. तोपर्यंत माझं धावणं हॉटेलच्या फाटकापासून हायवेपर्यंत आणि परत, एवढंच होतं. त्यामुळे वाटा शोधायचं काम मिळालं तेव्हा मला आनंदच झाला, हे खरं.

हिरवी वाट सोपी निघाली. किल्ल्याच्या मातीच्या बुरुजाला वळसा घालून खजुराच्या बागांमधून जायचं. बागेत फलज वाहतो, म्हणजे डोंगरातून आणलेला पाण्याचा पाट. आमच्या वसईच्या वाड्यांमध्ये केळीला पाणी सोडल्यावर जसा वास सुटतो तसाच वास तिथे सुटलेला होता. मी थांबून पाटात हात बुडवला. मनात म्हटलं, साहेबांचं बरोबर आहे, काय कमी आहे?

दुसऱ्या दिवशी निळ्या वाटेला निघाले. ही बागांच्या मागून वाडीत उतरणार होती. आमच्याकडे वाडी म्हणजे हिरवीगार बाग. इथे वाडी म्हणजे कोरड्या नदीचं पात्र, वर्षातून एखाद्या वेळी पाणी येणार, एरवी नुसते गोल दगड आणि बाभळीसारखी झाडं. पात्राच्या पलीकडे एक जुना टेहळणीचा बुरूज होता. गावातून त्या बुरुजापर्यंत धावत जायचं आणि परत यायचं, अशी ही वाट. मॅनेजरना सगळ्यात जास्त आवडलेली.

बागेची भिंत संपली आणि मी उतारावर पाय ठेवला. पहिल्या झाडाखाली कोळशाची राख होती. दुसऱ्या झाडाखालीही. मग ॲल्युमिनियमचे ट्रे, त्यांत बिर्याणीचा सुकलेला भात. चावलेली हाडं, प्लास्टिकचे चमचे, पाण्याच्या बाटल्या. काही बाटल्यांत पिवळं काहीतरी भरलेलं, झाकणं घट्ट लावलेली. गुंडाळलेले डायपर दगडांच्या कपारीत खोचून ठेवलेले, जसं काही कोणी जपून ठेवलं आहे. प्रत्येक काटेरी फांदीला पिशव्या अडकून फडफडत होत्या. वीकेंडला शहरातून गाड्या भरून लोक येतात, शेगड्या पेटवतात, खातात, पितात, आणि उठून जातात. मी हायवेवरून त्या गाड्या कितीदा पाहिल्या होत्या. लोक उठून गेल्यानंतरची जागा कधी पाहिली नव्हती.

मी खाली बघत, पाय चुकवत धावत राहिले. वाऱ्याची झुळूक आली आणि वास आला. गोड, जाड, घशात बसणारा. वळणावर एक बकरी मरून पडली होती. पोट फुगून फाटलेलं. आतून आतडी दिसतील असं वाटलं, पण बाहेर आला होता तो प्लास्टिकचा गोळा. निळ्या, पांढऱ्या पिशव्या एकमेकींत पिळून दोरासारख्या झालेल्या, त्यांवर माश्या. खरकट्यासकट पिशव्या खाऊन ती मेली होती. मी तोंडावर हात धरला, पण उपयोग झाला नाही. तिथेच ओकले. आणि ओकून झाल्यावर माझ्याच ओकारीकडे बघून वाटलं, आता यात माझीही भर पडली.

मॅनेजरना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "बकरी? मग रूट थोडा डावीकडून घे."

"सर, डावीकडेही तेच आहे."

"मग उजवीकडून."

"सगळीकडे आहे, सर. आधी साफ करून घ्यायला हवं."

"वाडी आपली आहे का? आपण हॉटेलवाले, हबीबी. आज साफ केली तर शनिवारी परत भरेल." हे मात्र ते चुकीचं बोलत नव्हते. मग त्यांना मार्ग सुचला. "गेस्टना पहाटे ने. उजाडायच्या आत बुरुजावर पोहोचा. अंधारात काय दिसतंय?"

"वास अंधारातही येतो, सर."

ते हसले. मी हसले नाही.

पुढच्या आठवड्यात ब्रोशरसाठी फोटोग्राफर आला. त्याने मला वाडीतल्या एका तुकड्यावरून पुन्हा पुन्हा धावायला लावलं. समोर बुरूज, मागे डोंगर, मधे मी पाठमोरी. प्रत्येक वेळी आधी तो बुटाने दोन-चार ट्रे लाथाडायचा, फ्रेमच्या जरा बाहेर जातील इतकेच. एक डायपर त्याच्या बुटाला चिकटला, तेव्हा शिवी देऊन त्याने तो दगडावर घासून काढला आणि मला म्हणाला, "मॅडम, थोडं स्माइल ठेवा खांद्यांत." खांद्यांत स्माइल कसं ठेवतात ते मला अजून कळलेलं नाही. फोटो सुंदर आला. फोटोला वास नसतो.

त्याच सुमारास घरच्यांची पिकनिक ठरली. नवऱ्याचा भाऊ, माझी जाऊ, त्यांची मुलं आणि आमच्या वसईची, दुबईतल्या चर्चमध्ये नेहमी भेटणारी तीन-चार कुटुंबं. "तू तिकडेच असतेस, तर जागा दाखव," जाऊ म्हणाली. मी वाडीचं वरचं टोक सांगितलं, कारण त्यातल्या त्यात तो भाग स्वच्छ होता. शनिवारी सगळे आले. नवऱ्याने आणि दिराने शेगडीवर भुजिंग केलं. कोळशावर भाजलेली कोंबडी मसाला-पोह्यांत परतलेली, आमच्या भागाची खासियत. मला ड्यूटी होती. दुपारी तासभर जाऊन आले, जेवले, गाणी ऐकली. निघताना नवऱ्याला म्हटलं, "सगळं गोळा करून न्या हं."

"हो गं बाई, हो," तो म्हणाला.

सोमवारी सकाळी मी त्या टोकाला धावत गेले. झाडाखाली दगडांवर तेलकट लाल पोहे पसरले होते, त्यांवर मुंग्यांची रांग आणि दोन कावळे. एवढ्या मोठ्या देशात कोंबडीबरोबर पोहे कोण खातं? आम्हीच. शेजारी आमच्याच कपाटातल्या, सेलमध्ये आणलेल्या फुलाफुलांच्या पेपर प्लेट्स. शेगडीतले निखारे तिथेच उलटे केलेले. आणि जावेच्या धाकट्याचा डायपर, उघडाच, चाफ्याच्या फुलासारखा पसरलेला. त्या सकाळी मला जी शिसारी आली ती बकरीच्या वेळीही आली नव्हती. बकरीची घाण परक्यांची होती.

तिथूनच नवऱ्याला फोन लावला. तो ऑफिसच्या वाटेवर होता.

"तुम्ही काहीच उचललं नाहीत?"

"अगं, अंधार पडायला लागला होता. पोरं रडत होती. आणि तिकडे माणसं असतात ना साफ करायला."

"कोण माणसं?"

"असतात गं. सगळीकडे असतात."

"मी रोज इथे धावते. मी कोणी बघितलं नाही."

"मग येत असतील कधीतरी. सकाळी सकाळी काय लावलंयस?" त्याने फोन मुलीकडे दिला. तिला तो शाळेत सोडत होता. ती म्हणाली, "ममा, चिल. एव्हरीवन डझ इट." आणि फोन बंद झाला.

मी हॉटेलवर जाऊन काळ्या पिशव्या आणल्या. हातमोजे मिळाले नाहीत. एक पिशवी उलटी करून हातावर चढवली आणि उचलायला लागले. पोहे बोटांखाली मऊ लागत होते. डायपर उचलला तेव्हा तो इतका जड होता की मी श्वास रोखून मान फिरवली. आपलं तेवढं उचलायचं असं ठरवून बसले होते, पण आमच्या प्लेट्सखाली दुसऱ्या कोणाच्या प्लेट्स निघाल्या, त्यांच्याखाली अजून जुन्या, उन्हाने चुरा झालेल्या. आमचं कुठे संपतं आणि त्यांचं कुठे सुरू होतं ते कळेना. पिशव्या भरल्या तशी उठले आणि त्या हॉटेलच्या कचऱ्याच्या डब्यात नेऊन टाकल्या. आंघोळ करूनही दिवसभर हात नाकाशी नेववत नव्हता. लॉबीत गेस्टशी हस्तांदोलन करताना माझ्याच हाताची लाज वाटत होती.

मग उद्घाटनाचा दिवस आला. एक जर्मन ग्रुप उतरला होता, बहुतेक सगळे साठीच्या पुढचे. मॅनेजरनी आदल्या संध्याकाळी कंत्राटदाराची माणसं वाडीत पाठवली. साफ करायला पाठवली असं मला वाटलं. त्यांनी कचरा ओढून झुडपांमागे ढीग केले आणि पेटवून दिले. ते रात्रभर धुमसत राहिले.

सकाळी मी पुढे आणि माझ्यामागे ग्रुप. बागांमध्ये सगळे खूश. एकीने पाटावर तोंड धुणाऱ्या मजुरांचे फोटो काढले, न विचारता. एक मजूर अर्धा उघडा होता, त्याने घाईघाईने गमछा ओढून घेतला. ती म्हणाली, "किती नॅचरल!" मला तिच्याकडे बघवेना.

उतारावर धूर सुरू झाला. काळा, चिकट, जळलेल्या प्लास्टिकचा. घशात खवखव, डोळ्यांत पाणी. एक गृहस्थ खोकत खाली बसले. बुरूज धुरामागे पुसट दिसत होता. माझ्याशेजारून धावणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनी नाकावर रुमाल धरला. त्या निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी विचारलं, "आज काही खास आहे का, की रोज असंच असतं?"

मागून गाडीतून येणारे मॅनेजर काच खाली करून ओरडले, "डेझर्ट हेझ! ओन्ली टुडे!"

मी पुढे बोलले ते धाडस नव्हतं, मला ओकारी येत होती आणि खोटं बोलायला तोंड उघडवत नव्हतं. "रोज असतं, मॅडम," मी म्हटलं. "धूर आजच आहे. कचरा रोज असतो. आज तो जाळलाय."

त्या थांबल्या. "आमच्या गावातही वाटांना वास येतो," त्या म्हणाल्या. "वसंतात शेतकरी शेण-मुताचं पाणी फवारतात. आम्ही नाक धरून धावतो. पण ते मातीत जातं." त्यांनी धुराकडे बोट केलं. "हे कुठे जाणार?" आणि त्या मागे वळल्या. त्यांच्यामागे एकेक करत सगळे वळले.

मॅनेजर माझ्यावर ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "तुला सिटीत फॅमिली आहे ना," एवढंच म्हणाले, आणि महिन्याभरात माझी बदली दुबईच्या रिझर्वेशन ऑफिसला झाली. ब्रोशर मात्र छापलं गेलं. वेबसाइटवर निळी वाट अजून आहे आणि तिच्यावर मी पाठमोरी धावतेय. फोनवर एखादा गेस्ट त्या वाटेबद्दल विचारतो तेव्हा मी हिरवी सुचवते.

आता मी अल कुसैसमध्ये धावते. बिल्डिंगांच्या मागून, गॅरेजच्या शटरांवरून, सोनापूरच्या कॅम्पकडे कामगारांना नेणाऱ्या बसेसच्या धुरातून. कचऱ्याचे मोठे डबे वाटेत लागतात, त्यांवर मांजरं बसलेली असतात. वास येतो. पण इथे कोणी मला खांद्यांत स्माइल ठेवायला सांगत नाही.

घरचे अजून वाडीत जातात. मी जात नाही, त्यामुळे मी फार शिष्ट झाले असं जाऊ सगळ्यांना सांगते. मागच्या शनिवारी नवरा आणि मुलगी जाऊन आले. रविवारी सकाळी मी चहा पीत होते तेव्हा तो मुद्दाम समोर येऊन बसला. चेहऱ्यावर शाबासकी हवी असल्याचा भाव.

"या वेळी एक कागद खाली टाकला नाही," तो म्हणाला. "सगळं काळ्या पिशव्यांत भरलं. वर गाठी मारल्या. पोरांनाही लावलं कामाला."

मला खरंच बरं वाटलं. "मग पिशव्या कुठे टाकल्यात?"

"टाकल्या नाहीत. नीट ठेवल्या."

"कुठे?"

"तिथेच. झाडाखाली, रांगेत."

त्याला खरोखर कळत नव्हतं. उरलेला चहा सिंकमध्ये ओतला आणि दाराशी बसून धावायचे बूट घालायला लागले.