आखाजीच्या तोंडावरचा हप्ता

खानदेशी कामगारांच्या बमरोली वस्तीतल्या सहा गल्ल्यांत आरोग्य विम्याचा हप्ता गोळा करायचं काम सुभद्राबाई पाटील करतात. वय एक्कावन्न, मूळ गाव अमळनेरजवळ. एरवी घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवतात.

हप्ता घरटी वर्षाला सहाशे रुपये. अट एकच: तीस एप्रिलपर्यंत किमान दीडशे घरांनी पैसे भरायचे, नाहीतर कंपनी कोणालाच विमा देत नाही. पहिल्या वर्षी एकशे त्रेसष्ट घरांनी भरले.

दुसऱ्या वर्षीच्या विम्याकडे डोळे लावून होता तो भटू. सुभद्राबाईंच्या शेजारी राहणारा लूम कामगार. ताण्याचे बीम, म्हणजे सुताचे जड रूळ, उचलून त्याला हर्निया झाला होता, आणि हर्नियाचं ऑपरेशन विम्यात दुसऱ्या वर्षापासून बसत होतं. वर्षभर पोटाला पट्टा बांधून तो कामावर गेला. दवाखान्याने पाच मेची तारीख दिली होती.

सुभद्राबाई मार्चमध्ये फिरायला लागल्या. आधी गेल्या त्या आजारी माणसांच्या घरी. गरज त्यांना जास्त, असा त्यांचा विचार. धडधाकट घरांना म्हणाल्या, सवडीने द्या.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, त्या वर्षी नेमकी तीस एप्रिलला आली. आखाजीला खानदेशातल्या लेकी माहेरी जातात. एप्रिलच्या मध्यापासूनच बाया मुलांना घेऊन गावी गेल्या. मागे राहिले पुरुष. घरातला पैसा बायांच्या हातात.

"बायको गावले गयी, मावशी," पलीकडच्या गल्लीतला चिंधा म्हणाला. "ती ऊनी का देसू."

"तिला फोन लाव."

फोनवर त्याची बायको रंजना हसली. "वर्षभर आमच्याकडे कोणी शिंकलंसुद्धा नाही. सहाशे देऊन आजारी पडू का आता?"

तीस तारखेला ब्याण्णव घरं झाली. विमा चालवणाऱ्या संस्थेच्या योगेंद्रने यादी पाहिली. ब्याण्णवपैकी सत्तर घरांत कोणी ना कोणी आजारी होतं.

"मावशी, ही यादी नाही, दवाखान्यातला वॉर्ड आहे."

"आजाऱ्याला विमा नको, तर कोणाला?"

"बऱ्या माणसांच्या पैशातूनच आजाऱ्याचं बिल निघतं. गेल्या वर्षी जमले अठ्ठ्याण्णव हजार, बिलं गेली दीड लाखाची. यंदा बरी माणसंच नाहीत. कंपनी घेणार नाही."

"आठ दिवस द्या. बाया येतील."

"तारीख माझ्या हातात नाही."

सुभद्राबाईंनी घरोघरी पैसे परत केले. भटूला त्यांनी हेही सांगितलं की खंड पडल्यामुळे मोजणी पहिल्यापासून, म्हणजे विमा पुन्हा सुरू झाला तरी हर्नियासाठी आणखी एक वर्ष थांबायचं.

"मग आता किती वर्षं बांधू हा पट्टा?" भटूने विचारलं.

सरकारी इस्पितळात त्याला ऑगस्टची तारीख मिळाली. जुलैत कारखान्यातच त्याचं आतडं अडकलं आणि सडलेला भाग कापून काढावा लागला. तो वाचला. बीम उचलणं कायमचं बंद झालं. आता बसून बॉबिनवर सूत भरतो. पगार निम्म्यावर आला.

यंदा योजना पुन्हा सुरू करायचं ठरलं. सुभद्राबाई फेब्रुवारीतच निघाल्या. पहिलं दार रंजनाचं. ज्या घरात खोकला ऐकू येतो, ते दार त्या सध्या सोडून पुढे जातात. आतापर्यंत एकशे अठरा घरांनी भरले आहेत.

"मना नंबर कवय?" भटू उंबऱ्यातून विचारतो.

"शेवटी," त्या म्हणतात आणि पुढच्या दाराची कडी वाजवतात.