लाइनवरचं तिसरं माणूस

माझी थोरली बहीण टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. कानाला हेडफोन आणि समोर भोकाभोकांचा बोर्ड. तिथे पहिल्याच दिवशी शिकवायचे, दोघं बोलायला लागले की आपण लाइनवरून बाहेर. चोरून ऐकणं किती सोपं होतं, विचारू नका. गावभरच्या भानगडी ताईच्या हातातून गेल्या, पण तिने कधी कान लावला नाही. मी लहानपणी खोदून खोदून विचारायचे, "सांग ना गं, डॉक्टरीणबाई एवढ्या कुणाशी बोलतात?" ती म्हणायची, "मला काय माहीत? मी लाइनवर नव्हते."

अशा बाईच्याच घरात हे घडावं, याचा मला अजून संताप येतो.

भावोजी गेल्यापासून ताई एकटी राहते. एकुलती एक लेक दूर, विमानाने जावं लागतं इतकी. तिनेच आईला कॅमेरावाला कॉम्प्युटर घेऊन दिला, बैठकीच्या खोलीत स्वतः जोडून दिला. रविवारी मायलेकी त्यावर एकमेकींना बघत गप्पा मारायच्या. हळूहळू लेकीने टुमणं लावलं, घर विकू या, मी एक चांगला वृद्धाश्रम बघून ठेवलाय. ताई म्हणायची, "हातपाय चालताहेत तोवर या घरातून हलणार नाही."

मग लेकीला भलत्याच गोष्टी कळायला लागल्या. आई स्टुलावर चढून पंखा पुसत होती. कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या तरी आई खुर्चीत झोपलेली होती.

"तुला कोण म्हणालं?" ताईने विचारलं.

"शेजारच्या काकूंचा फोन आला होता."

झालं. शेजारीण म्हणजे ताईची जन्माची मैत्रीण, येता-जाता आत डोकावणारी. ताईने तिच्याशी बोलणं टाकलं. ती बिचारी शपथा घेत दाराशी रडली. ताईने ऐकलं नाही, आणि मीही फोनवर ताईचीच री ओढली. पोटची पोर खोटं कशाला बोलेल?

मी चार दिवस राहायला गेले होते, तेव्हा कॉम्प्युटरवर इंटरनेटवाल्यांचा मेसेज आला. तुमच्या राउटरच्या सुरक्षेत त्रुटी आहेत, बाहेरचं कुणीही आत शिरू शकेल, पासवर्ड बदला, कॉम्प्युटर तपासा. मी हादरले. ताईने मात्र चष्मा लावला, माझ्या मोबाइलवरून लेकीला फोन करून स्पीकरवर ठेवलं आणि ती सांगेल तसं करत गेली. राउटरच्या पाठीवर चिकटवलेला मूळचा पासवर्ड बदलला, फायरवॉल चालू केली, रखडलेले अपडेट उरकले. मग नको ते प्रोग्रॅम काढायला घेतले. एका नावाशी ती थांबली.

"हे कसलं गं?"

"ते राहू दे, आई. ते काढलंस तर रविवारी मी तुला दिसणार नाही."

ताईने ते राहू दिलं. चोराच्याच हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्या होत्या आम्ही, आणि वर तिचे आभारही मानले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी कपड्यांच्या घड्या घालत होतो. ताईची नजर राउटरवर गेली. त्याचा दिवा भराभर लुकलुकत होता.

"तुझा फोन याला जोडलाय?"

"नाही गं."

"माझा तर साधा, भिंतीवरचा. अपडेट कालच झाले. मग कुणी बोलत नसताना लाइन बिझी कशी?"

ती उठली. कॉम्प्युटरवर तेच कालचं नाव शोधलं आणि काढून टाकलं. दिव्याची लगबग थांबली. ताई खुर्चीतून उठतेय तोच भिंतीवरचा फोन वाजला. पलीकडे लेक होती, आणि इतक्या मोठ्याने बोलत होती की मलाही ऐकू आलं.

"आई, बरी आहेस ना? नेट गेलं का तुझं?"

"नेट आहे. तुला कशावरून वाटलं गेलं म्हणून?"

"अगं... सहज विचारलं."

"म्हणजे काकूंचा फोन आलाच नव्हता," ताई म्हणाली.

"आई, मी काळजीपोटी केलं गं. तू एकटी राहू शकत नाहीस. कॅमेऱ्यात दिसलेलं सगळं मी आश्रमवाल्यांना दाखवलंय, तेही म्हणाले, लवकर आणा."

"दाखवलंस? मी झोपलेली?"

मला वाटलं ताई आता ओरडेल. तिने एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल तोडताना काढायची तसा सपाट, सभ्य आवाज काढला. "आपली वेळ संपली," म्हणाली, आणि फोन ठेवला. मग खुर्चीत बसून तोंडात पदर कोंबून रडली. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, दाद कुणाकडे मागणार?

तोंड धुऊन ती शेजारच्या दाराशी गेली. मी मागे उभी होते. दार उघडलं, पण आतली साखळी निघाली नाही.

"चुकले गं मी," ताई त्या फटीतून म्हणाली. "तू कुणाला काही सांगितलं नव्हतंस."

"मग कोणी सांगितलं होतं?" शेजारणीने विचारलं.

ताईने दोनदा तोंड उघडलं. लेकीचं नाव काही तिला घेता येईना.