वीतभर कापडाचा फोटो

आमच्या घरातला कॅमेरा मी चोरून आणलाय, असं आई अजूनही पाहुण्यांना सांगते. चोरलेला नाही. काल्हेरच्या ज्या गोदामात मी डिस्पॅचचं काम बघते, तिथे ट्रकमधून फुटके खोके उतरले की त्यांचे फोटो काढायला तो ठेवलेला होता. सगळ्यांच्या हातात मोबाइल आले तसा तो टेबलाच्या खालच्या खणात गेला. पुढे खण रिकामा करताना मॅनेजर म्हणाले, "लागत असेल तर घेऊन जा, नाहीतर भंगारात जाईल." मी घेऊन आले.

दिसायला तो लग्नातल्या फोटोग्राफरच्या कॅमेऱ्यासारखा, पण त्याची लेन्स काढता येत नाही. आहे तीच घरघरत पुढे सरकते आणि लांबचं इतकं जवळ आणते, की टेमघरला आमच्या गच्चीवरून समोरच्या बिल्डिंगवर वाळत घातलेले बोंबील मोजता यावेत. आईने ते मोजलेही. डोळा लावून बघायच्या खिडकीत एक इवलासा टीव्ही आहे. पाठीमागची स्क्रीन दारासारखी उघडते आणि हवी तशी वळते. पोटात चार पेन्सिल सेल लागतात, त्यांचा तो दोन दिवसांत फडशा पाडतो. बटण दाबलं की आधी जरा विचार करतो, मग फोटो काढतो. तोवर बगळा उडून गेलेला असतो. आणि उजेड कमी झाला की फोटोत रवा सांडल्यासारखे ठिपके येतात. माझा मोबाइल याच्यापेक्षा शहाणा आहे, हे मला मान्य आहे. तरी मला हाच आवडतो, कारण हातात काहीतरी धरलंय असं वाटतं.

बाबांना मात्र त्याचं काही कौतुक नव्हतं. ते आयुष्यभर लूमवर जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. काम सुटल्यावरही रोज दहा वाजता जुन्या कारखान्यात जाऊन बसायचे. माग अडला की लोक त्यांनाच विचारायचे. डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं आणि बाबा आज करू, उद्या करू म्हणत टाळत होते. मी रागावले, आई रडली, मी परत रागावले. "दिसतंय की मला," एवढंच त्यांचं उत्तर.

मग एक दिवस ते कारखान्यात गेलेच नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. खोदून खोदून विचारलं तेव्हा त्यांनी खिशातून पाच नंबरच्या मागावरचं वीतभर पांढरं कापड काढलं. त्यात एक फिकट उभी रेघ होती. कापड तपासणारा नवा माणूस म्हणाला होता, ही तेलाची रेघ आहे, कारागिराचे हात घाण. बाबांनी रेघेवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि सांगितलं, तेल नाही, फणीची तार वाकलीय. फणी म्हणजे मागातला कंगवा; तिच्या दातांमधून उभे धागे ओवलेले असतात. एक तार वाकली की तिथले धागे एकमेकांना चिकटतात आणि शेजारी फट पडते. त्यावर तो माणूस सगळ्यांदेखत म्हणाला, "चाचा, अब आपको दिखता कहाँ है."

"त्याचं चुकलं नसंल," बाबा मला म्हणाले. "आता माझी मलाच खात्री न्हाय, बाय."

या माणसाला खात्री नाही, असं मी जन्मात ऐकलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि मला वाईट वाटलं की काहीतरी खटाटोप करावाच लागतो. मी कॅमेरा काढला.

कापड पलंगावर पसरलं, त्यावर वाकले आणि झूम होता तेवढा ताणला. स्क्रीनवर नुसतं धुकं. सेल बदलले, लेन्स पदराने पुसली, तरी धुकंच. लांबचं जवळ आणतो तर जवळचं आणखी जवळ आणेल, असा माझा तर्क. बाबा बराच वेळ माझी गंमत बघत होते. शेवटी म्हणाले, "लांबचं बघायचं हत्यार तू नाकाशी लावतेस. जवळचं बघायला त्याला दुसरं काय तरी आसंल की."

होतं. फुलाचं चित्र असलेलं एक बटण, जे मी कधी दाबलंच नव्हतं. ते दाबलं, झूम पार मागे घेतला आणि लेन्स कापडाला टेकेल इतकी जवळ नेली. आता लेन्सचीच सावली कापडावर पडायला लागली. तेव्हा बाबा उठले. कारखान्यात कापड उजेडावर धरून तपासतात, तसं त्यांनी ते खिडकीत दोन्ही हातांनी ताणून धरलं आणि म्हणाले, "आता काढ."

फोटो स्क्रीनवर मोठा करत नेला तसे धागे सुतळीएवढे झाले. सगळे सारख्या अंतरावर, आणि मध्येच दोन एकमेकांना चिकटलेले. त्यांच्या शेजारी फट, आणि फटीतून उजेड. वरपासून खालपर्यंत तसंच. तेलाचा टिपूस नाही. मी स्क्रीन वळवून बाबांच्या डोळ्यांजवळ नेली. त्यांना दिसेना. आणखी मोठं केलं, तेव्हा दिसलं. त्यांनी स्क्रीनवरच्या फटीवरून अंगठ्याचं नख फिरवलं.

मला वाटलं, आता आम्ही दोघं कारखान्यात जाणार आणि त्या माणसाची चांगली जिरवणार. मी चपलासुद्धा घातल्या. बाबांनी फक्त तिथे फोन लावला, "पाँच नंबर की फणी बदल दो," एवढं बोलून ठेवून दिला, आणि आईकडे चहा मागितला.

अर्धा चहा झाल्यावर म्हणाले, "डाक्टरची चिठ्ठी कुठं ठेवलीस?"

आजच कसं सुचलं, असं मी विचारलं.

"कधीपासनं वाटत व्हतं, डोकंच चाललं माझं," ते म्हणाले. "जाऊन दाखवलं आन डाक्टर बी तेच बोलला आसता, तर? डोक्याचं ऑपरेशन कोण करतंय. पण फणीचं बरोबर निघालं. डोळ्यांचं काय, होतं."

इतके महिने मी त्यांना हट्टी म्हणत होते, आणि ते भ्यालेले होते. चिठ्ठी आणायला मी आत गेले, ती जरा वेळ आतच थांबले.