नाकमिस्त्रीचं नाक

आमच्या ह्यांना सगळे नाकमिस्त्री म्हणतात. जुनी गाडी आली की बॉनेट उघडायच्या आधी हे वाकून वास घ्यायचे आणि सांगायचे, "मागून येतोय, टाकीचा पाइप चिरलाय." उघडून बघावं तर तसंच. मी म्हणायची, "घरातल्या कचऱ्याचा वास बरा येत नाही ह्या नाकाला!" तर म्हणे, "घरी त्याला सुट्टी असते."

मध्यंतरी तापाने ह्यांनी अंथरूणच धरलं. ताप उतरला, हे गॅरेजला जायला लागले, माझा जीव भांड्यात पडला.

परवा शाळेतल्या एक बाई त्यांची म्हातारी गाडी घेऊन आल्या. ब्रेकचं पेडल खाली जातंय आणि आत पेट्रोलचा वास येतोय, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना आजारी आईला घेऊन डोंगरातल्या रस्त्याने लांब जायचं होतं. ह्यांनी नेहमीप्रमाणे गाडीखाली पुठ्ठे पसरले. गाडी तशीच उभी ठेवायची आणि डाग कुठे पडतो ते बघायचं. मागच्या चाकाखाली तेलकट डाग पडला. बोटांनी चोळून बघितलं, ब्रेक ऑइलच. चाक काढून गळका भाग बदलला, पेडल कडक झालं. बाकीचे पुठ्ठे कोरडे.

मी डबा घेऊन पोचले तेव्हा हे बाईंना सांगत होते, "पेट्रोल कुठेही गळत नाही. बघा, कोरडाठाक पुठ्ठा. मनाचे खेळ असतात."

मी तर दारातच नाकाला पदर लावला. "अहो, मनाचे खेळ कसले? डोकं उठलंय वासाने!"

ह्यांच्या ओठांत सिगारेट आणि हातात काडेपेटी! मी झडप घालून ती हिसकावली. हे पांढरेफटक पडले. पेट्रोल पुठ्ठ्यावर डाग ठेवत नाही, उडून जातं, हे मला ह्यांनीच सांगितलेलं.

"मला वास येत नाही गं," हे हळूच म्हणाले. "तापापासून."

"आणि परवाची करपलेली भाजी? छान झालीय म्हणालात की!"

"छानच असेल म्हणून म्हणालो."

असा संताप आला, आणि रडूही. मेलं ते नाक! पण बायकोला सांगायला काय झालं होतं?

"तू हुंग," हे म्हणाले. मी पदर खोचून गाडीखाली वाकले.

"इथे?"

"येतोय."

"इथे?"

"येतोय."

"अगं, जास्त कुठे येतोय?"

"मला सगळीकडे सारखाच येतोय हो!"

ह्यांनी बॅटरी मारून पाइपावरून बोटं फिरवली. हाताला काहीच लागेना. मग हे माझ्यावर खेकसले, मी ह्यांच्यावर. बाई बिचाऱ्या पर्स धरून उभ्या.

शेवटी हे त्यांना म्हणाले, "गाडी सुरूही करू नका. दुसऱ्या मिस्त्रीला दाखवा."

"कुणाला?" बाई म्हणाल्या. "वासाचं म्हटलं की सगळे मिस्त्री तुमच्याकडेच पाठवतात. आणि उद्या आईला कशी नेऊ मी?"

बाई रिक्षा शोधायला गेल्या. हे गाडीमागे जमिनीवर बसले, डोळे मिटले, टाकीला नाक लावलं आणि छाती भरून श्वास घेतला. मग पुन्हा घेतला. पुन्हा.

"पुरे हो," मी खांद्याला धरून म्हटलं, "चक्कर येऊन पडाल."

"थांब जरा," हे म्हणाले. "येईल."